मॅटखालचा पाऊस

कोल्हापुरात मृग नक्षत्र लागले की आमच्या माळ्यावर एक अदलाबदल होते. कोल्हापुरी चपला तेलाचा हात फिरवून, वर्तमानपत्रात गुंडाळून वर जातात आणि दिवाळीपासून वर पडून असलेले जीपचे हूड, म्हणजे तिचे रेक्झिनचे छत, खाली उतरते. कातडे पावसात नेऊ नये हे शहाणपण या गावाला फार पूर्वीच सुचले. पत्र्याच्या बाबतीत मात्र तशी सोय नाही, कारण उघड्या जीपमधून गगनबावड्याला जायचे ते पावसातच. उन्हाळ्यात तिथे जाऊन करायचे काय?

हुडाचे रेक्झिन जाड असते आणि पाणी त्यातून सहसा येत नाही. ते येते शिवणीतून. सुईने पाडलेल्या प्रत्येक भोकात दोरा बसलेला असतो, आणि तो सुती असला तर निरांजनातली वात तेल ओढते तसा तो पाणी आत ओढून घेतो. म्हणून मी दरवर्षी शिवणींवर मेण घासतो, चेनच्या दातांवर मेणबत्ती फिरवतो आणि मागच्या प्लास्टिकच्या खिडक्या पुसण्याआधी भरपूर पाण्याने धुऊन घेतो, कारण धुळीसकट पुसल्या तर दोन पावसाळ्यांत त्यांना मोतीबिंदू होतो. एवढे सगळे केल्यावरही पुढच्या काचेची चौकट आणि हूड जिथे भेटतात, तिथून एक थेंब वाट काढतोच आणि नेमका गाडी चालवणाऱ्याच्या गुडघ्यावर पडतो.

कित्येक वर्षे माझे सगळे भांडण त्या थेंबाशी होते. तो पत्र्यापर्यंत पोचू नये म्हणून मी तळाला जाड रबरी मॅट टाकली आणि खडखडाट कमी व्हावा म्हणून तिच्याखाली फेल्टचा थर अंथरला. वरून सगळे कोरडे ठणठणीत दिसत असे. एका श्रावणात गाडीत ओल्या गोणपाटासारखा वास येऊ लागला, तेव्हा मॅटचा कोपरा उचलला. फेल्ट पिळून काढावे इतके भिजलेले होते, त्याखाली रंगाला मसुरीच्या डाळीएवढे फोड आले होते, आणि त्यांतला एक नखाने खरवडला तेव्हा तांबूस पापुद्र्यांचा एक पदरच हाती आला. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो, त्यामुळे तो रंगाला आतून ढकलत राहतो. फोड दिसू लागतो तोवर खालचे काम बरेच पुढे गेलेले असते.

उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने पत्रा ठोकत ठोकत एके ठिकाणी टोक आरपार घातले आणि वर पाहून विचारले, "सर, पानी येनारच की वो. त्याला जायाला वाट ठेवलाय काय, ते सांगा."

वाट होती. जीपच्या तळाला पाणी काढून देणारी भोके असतात आणि त्यांना रबरी बुचे असतात. २०२० मध्ये आलेल्या नव्या थारलाही ती दिली आहेत. आत पाणी येणार हे गाडी घडवणाऱ्यांनी आधीच मान्य केले होते, आणि मी मात्र ती बुचे घट्ट बसवून वर मॅट पसरली होती. राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे धरण भरले की कुणी हात न लावता उघडतात आणि त्याची बातमी आम्ही दरवर्षी कौतुकाने एकमेकांना सांगतो. पण आपल्याच गाडीचे दोन दरवाजे आपण बंद करून बसलो आहोत, हे काही मला सुचले नव्हते.

मग फेल्ट कायमचे गेले. भोक पडलेला तुकडा कापून नवा पत्रा जोडला. उरलेला सुटा गंज तारेच्या ब्रशने आणि काचकागदाने काढला, आणि जो निघेना त्याच्यावर रस्ट कन्व्हर्टर लावला. बाजारात मिळणाऱ्या या द्रावणांपैकी काहींत टॅनिक आम्ल असते. ते गंजाशी संयोग पावते आणि तांबूस डाग पाहता पाहता निळसर काळा होतो. कोल्हापुरी चपलेचे कातडे ज्या बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावतात, त्यांतले टॅनिन याच कुळातले, आणि जुनी काळी शाई हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा एक क्षार) यांची होई ती याच गुणावर. माळ्यावरच्या चपला आणि अंगणातली जीप यांचे हे नाते कळल्यावर मला उगाचच बरे वाटले. त्यावर प्राइमर आणि रंग चढवला. पत्र्यावरचे खळगे बुजवणारी लांबी (पुट्टी) मात्र अगदी पातळ भरू दिली, कारण जाड लांबीला तडा गेला की तिच्यामागे पुन्हा पाणी साचते. ओल्या गंजावरच खालून रबर कोटिंग मारून देतो म्हणणाऱ्यांना मी नम्रपणे नकार देतो. ते म्हणजे ओल्या जखमेवर प्लास्टर घालणे आहे.

आता पावसाळाभर बुचे काढलेली असतात. खोल पाण्यातून जायचे असेल तेवढ्यापुरती ती बसवतो, नाहीतर पाणी त्याच वाटेने वर येईल. घरी आल्यावर मॅट कठड्यावर वाळत पडते, आणि श्रावणात ऊन डोकावले की हूड मागे सारून दोन्ही दारे उघडी ठेवतो. मग आमच्या सौभाग्यवती त्या उन्हावर आधीपासून हक्क सांगणाऱ्या पापडांविषयी काही बोलतात. वायरींच्या जोडण्यांना पेट्रोलियम जेली लावणे वगैरे बारीकसारीक कामे आहेतच.

परवा ताराराणी चौकात सिग्नलला थांबलो असताना शेजारच्या स्कूटरवरचे एक गृहस्थ रेनकोटातून मान बाहेर काढून काळजीने म्हणाले, "ओ साहेब, गाडी खालनं गळायला लागलीया." मी वाकून पाहिले. धार चांगली मोकळी पडत होती.