सकाळी हातातून ब्रश पडतो का?

आमच्या घरात मी वेंधळी म्हणून प्रसिद्ध. नववीपासून सकाळच्या चहाचे किती कप फोडले याचा हिशोब आईकडे तोंडपाठ आहे. हात मध्येच झटका देऊन उडायचा. चहा ओट्यावर, कप फरशीवर. दहा वाजले की सगळं ठीक. "लक्ष कुठे असतं तुझं?" हे इतक्यांदा ऐकलं की मलाही वाटायचं, नसेलच लक्ष.

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी सबमिशनसाठी सलग दोन रात्री जागले आणि पुण्यात होस्टेलच्या बेसिनपाशी कोसळले. ब्रश उडाला, एवढं आठवतं. त्यानंतर एकदम रिक्षा, चावलेली जीभ आणि नाकाशी कोल्हापुरी चप्पल. रूममेट आमच्या कराडचीच. फिट आली की चप्पल हुंगवायची, हे तिचं घरचं ज्ञान. (त्याने काही होत नाही. कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, घड्याळ बघायचं आणि पाच मिनिटांत थांबली नाही तर थेट दवाखाना. आता तिला पाठ आहे.)

बाबा मिळेल त्या एसटीने आले. डॉक्टरांनी त्यांनाच विचारलं, "कधीपासून येतात फिट्स?" बाबा म्हणाले, "पहिल्यांदाच, साहेब." मी शेजारच्या खुर्चीत होते, वीस वर्षांची, पूर्ण शुद्धीवर. माझ्याकडे एकदाच पाहिलं गेलं, तेही जीभ बघायला. एमआरआय नॉर्मल आला, कार्बामॅझेपिन हे फिटचं औषध सुरू झालं, आम्ही बाहेर.

दोन महिन्यांत झटके वाढले. आता कंगवाही उडायला लागला. पोरगी गोळ्या नीट घेत नसणार, असं ठरलं आणि डोस वाढवला गेला. आत्याने दोरा पाठवला, तोही बांधला. गोळ्या मी एकही चुकवली नव्हती, पण मला विचारतंय कोण!

मग दुसऱ्या न्यूरॉलॉजिस्टकडे गेलो. बाबांनी सवयीने सुरुवात केली तर बाई म्हणाल्या, "तुम्ही थांबा जरा, तिला सांगू दे." आणि मला विचारलं, "सकाळी उठल्यावर हातातून ब्रश पडतो का गं? कप वगैरे?"

मी बाबांकडे पाहिलं. बाबा टेबलावरच्या पेपरवेटकडे पाहत होते.

नंतर ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींची तपासणी, झाला. आदल्या रात्री मुद्दाम कमी झोपायचं, डोक्याला तेल लावायचं नाही. केसांत चिकट पेस्ट लावून तारा बसवतात, तीन मिनिटं जोरजोरात श्वास घ्यायला लावतात, मग डोळ्यांसमोर दिवा लुकलुकवतात. दुखत काहीच नाही, पेस्ट मात्र तीनदा शाम्पू केला तरी निघत नाही. निदान झालं: ज्युव्हेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी, अपस्माराचा (फिट्सच्या आजाराचा) एक प्रकार. साधारण बारा ते अठराच्या दरम्यान सुरू होते, उठल्या उठल्या झटके येतात, जागरणाने चेव चढतो. एमआरआय बहुधा नॉर्मलच असतो. आणि कार्बामॅझेपिनने हे झटके वाढू शकतात. हे ऐकून मला आजाराची भीती वाटली नाही, राग आला. सहा वर्षांचा पुरावा फुटक्या कपांच्या रूपाने घरात होता आणि तो सांगू शकणारी मी त्या पहिल्या खोलीतही बसलेली होते.

या आजारावर व्हॅल्प्रोएट हे औषध चांगलं चालतं, पण गरोदरपणात बाळाला धोका असतो. बाईंनी हे मला सांगितलं, आईला नाही, आणि लेव्हेटिरासेटाम सुरू केलं. सोबत फॉलिक अ‍ॅसिड. लेव्हेटिरासेटामने चिडचिड होते हे आधी सांगितलं होतं, तरी भेंडीत मीठ कमी म्हणून मी ताट सरकवून उठले तेव्हा आई रडली. पुढच्या भेटीत मी स्वतः सांगितलं. डोस थोडा कमी झाला, मीही जरा माणसात आले.

आईचं एकच, "कुठे बोलू नकोस, उद्या लग्नाचं बघायचंय." मी तिला सांगितलं की हिंदू विवाह कायद्यातून अपस्माराची अट १९९९ सालीच काढून टाकलीय. ती म्हणाली, "कायदा येणार आहे का कांदेपोहे खायला?" यावर माझ्याकडे अजून उत्तर नाही.

गाडीचं मात्र खरंच दुखलं. लायसन्सच्या फॉर्मवर अपस्मार आहे का, हा प्रश्न असतोच. मी खरं लिहायचं ठरवलं. माझी स्कूटर सध्या भाऊ उडवतो.

आता रात्री अकराला झोप, नऊला गोळी. चौदा महिने झाले, झटका नाही. मधल्या काळात आईने माझा चहा गुपचूप स्टीलच्या पेल्यात द्यायला सुरुवात केली होती. परवा घरी गेले तेव्हा मी कपबशी मागितली. तिने दिली. मी चहा संपवेपर्यंत ती ओट्याजवळ उभी होती, हातात फडकं घेऊन.