आमची वाटचाल: प्रेशर गेजपासून पिकोमीटरपर्यंत

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, शेड घेतली तेव्हा बोर्डावर ‘प्रेशर गेज, थर्मामीटर: रिपेअरिंग व कॅलिब्रेशन’ एवढंच लिहिलं होतं. कॅलिब्रेशन म्हणजे यंत्राचा आकडा खात्रीच्या मापाशी ताडून बघणं. बडोद्यात या कामाला कधी तोटा नाही. कोयलीची रिफायनरी, नंदेसरीची केमिकल युनिटं, शहराभोवतीचे ट्रान्सफॉर्मरवाले. गेज यायची, डेडवेट टेस्टरवर (वजनं ठेवून नेमका दाब देणारं यंत्र) चढायची, स्टिकर लागून परत जायची. पैसे नव्वद दिवसांनी. त्या काळाबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही.

ऑप्टिकल फायबर आमच्या दारात आलं ते ट्रान्सफॉर्मरमुळे. दांडिया बाजारातल्या आमच्या शेजाऱ्यांचा मुलगा एका कारखान्यात टेस्टिंगला आहे. तो एक केसासारखा बारीक काचेचा तंतू, तापमान मोजणारा सेन्सर, डबीत घालून घेऊन आला. “काका, याचं सर्टिफिकेट मिळेल का?”

वाइंडिंगमधली, म्हणजे आतल्या तारेच्या वेटोळ्यांमधली, सगळ्यात जास्त तापणारी जागा, म्हणजे हॉट स्पॉट, ट्रान्सफॉर्मरचं आयुष्य ठरवते. साध्या क्राफ्ट कागदाच्या इन्सुलेशनसाठी आयईसी, म्हणजे विद्युत उपकरणांची मानकं ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था, ९८ अंश सेल्सिअस हा पाया धरते. त्यावर दर ६ अंशांना कागद जुना होण्याचा वेग दुप्पट होतो. तिथल्या व्होल्टेजमध्ये धातूच्या तारा घालून पीटी-१०० (प्लॅटिनमचा तापमान सेन्सर) बसवणं धोक्याचं. काचेला त्या व्होल्टेजचं काही नसतं.

या तंतूच्या गाभ्यात अतिनील प्रकाशाने ब्रॅग ग्रेटिंग, म्हणजे बारीक समान अंतरांच्या पट्ट्या, उमटवलेलं असतं. ते १५५० नॅनोमीटरच्या आसपासची एक ठरावीक तरंगलांबी तेवढी परत पाठवतं, बाकीचा प्रकाश पुढे जाऊ देतं. एक अंश तापमान वाढलं की ही तरंगलांबी सुमारे १० पिकोमीटर (नॅनोमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक पिकोमीटर) सरकते. गोची अशी की ताण पडला तरी ती सरकते, एका मायक्रोस्ट्रेनला, म्हणजे लांबी दहा लाखात एका भागाने वाढली की, साधारण १.२ पिकोमीटर. तंतू कुठे जरासा ओढला गेला तरी परत आलेली तरंगलांबी वाचणाऱ्या यंत्राला ते तापमानच वाटणार. म्हणून तापमानाचा सेन्सर बारीक नळीत सैल सोडलेला असावा लागतो.

आमचा ड्राय ब्लॉक, म्हणजे भोकात सेन्सर घालून तापवायचा धातूचा ठोकळा, इथे निरुपयोगी ठरला. एवढ्या बारीक तंतूभोवती हवा राहते आणि ब्लॉकचं तापमान एक, तंतूचं दुसरं. ढवळत राहणारा सिलिकॉन तेलाचा बाथ घेतला, शेजारी चार तारांचा पीटी-१००. तरंगलांबीसाठी हायड्रोजन सायनाइड वायूची सीलबंद काचनळी. तिच्या शोषणरेषा, म्हणजे तो वायू प्रकाशातल्या ज्या नेमक्या तरंगलांब्या गिळतो त्या, १५३० ते १५६० नॅनोमीटरमध्ये निसर्गानेच आखून दिलेल्या आहेत, त्यांच्याशी यंत्र पडताळायचं. स्प्लाइसिंगला, म्हणजे तंतू जोडायला, केबल इंटरनेटच्या लाइनी जोडणारा एक मुलगा ठेवला. कनेक्टर न पुसता लावलेला त्याला बघवत नाही, आणि मला तेवढंच हवं होतं.

खरी डोकेदुखी आलेखावर होती, कुठल्या तरंगलांबीला किती प्रकाश परत आला त्याच्या. परत आलेल्या प्रकाशाचं शिखर पाव नॅनोमीटरच्या आसपास रुंद, आणि यंत्र दर ५ पिकोमीटरला एक ठिपका देणार. सगळ्यात उंच ठिपका धरला तर उत्तर अर्ध्या अर्ध्या अंशाच्या उड्या मारतं. शिवाय शिखराचा माथा सपाट असल्याने थोड्याशा नॉइजने उंच ठिपक्याचा मान दर वेळी वेगळ्यालाच मिळतो. पायथॉनमधलं तयार ‘फाइंड पीक्स’ही ठिपक्याचा नंबरच देतं. आमची सून सयाजीराव विद्यापीठात फिजिक्स शिकलेली. तिने माथ्याजवळचे ठिपके घेऊन त्यांवर गाउसियन (घंटेच्या आकाराचा) वक्र बसवला आणि उत्तर एका पिकोमीटरच्या आत स्थिरावलं. तापमानासाठीही सरळ रेषा सोडून वर्गसमीकरण घेतलं, कारण गरम होताना दर अंशामागचं सरकणं थोडं थोडं वाढत जातं.

मग एका ग्राहकाकडून फोन. आमच्या सर्टिफिकेटात आणि त्यांच्या यंत्रात अर्ध्या अंशाचा फरक, तोही काही थोड्याच सेन्सरांवर. त्यांचे परचेसवाले वैतागलेले: “मने तो आंकडो जोईए!” (मला तर आकडा हवा!) ते सेन्सर मागवले. सेन्सर बनवताना लावलेला डिंक ग्रेटिंगवर चढून त्याला एका बाजूने दाबत होता, त्यामुळे शिखर लंगडं झालेलं. आम्ही माथा बघत होतो, त्यांचं यंत्र अख्ख्या शिखराचा गुरुत्वमध्य काढत होतं. लंगड्या शिखरात या दोन जागा वेगळ्या पडतात; ४-५ पिकोमीटर म्हणजे झालाच की अर्धा अंश. साठवलेल्या त्याच आलेखांवर त्यांची पद्धत लावली, फरक गेला.

तेव्हापासून नुसत्या सेन्सरचं कॅलिब्रेशन आम्ही करत नाही. शिखर कुठल्या पद्धतीने काढलं, किती उंचीच्या वरचे ठिपके घेतले, हे सर्टिफिकेटावर छापतो आणि ग्राहकाचं यंत्र कुठली पद्धत वापरतं ते आधी विचारतो. बऱ्याच जणांना ते ठाऊक नसतं. मग यंत्रच मागवून घेतो. भाव थोडा जास्त पडतो, त्यावरून घासाघीस होते, होऊ दे.

सध्या एका तंतूवर अनेक ग्रेटिंग असलेल्या साखळ्या येतात. शेजारच्या दोघांतलं एक तापलं आणि दुसरं थंड राहिलं, तर शिखरं एकमेकांवर चढतात आणि कुठलं कोणाचं ते कळत नाही. १०० अंशांना सरकणं एक नॅनोमीटरच्या वर जातं, म्हणून ट्रान्सफॉर्मरच्या कामाला आम्ही दोन शिखरांत किमान दोन नॅनोमीटर मागतो. त्याहून दाट साखळी आली तर बाथमध्ये न घालता परत पाठवतो.