ओटीपी मुकादमाच्या फोनवर

ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की आमच्या रेकॉर्ड रूमचं काम बदलतं. एरवी आमचा पेशंट पंचक्रोशीतला, पाच वर्षांपूर्वीचा केसपेपरसुद्धा घडी घालून आणणारा. टोळीतून आलेल्या माणसाकडे काहीच नसतं. त्याचे कागद गावाकडे पत्र्याच्या पेटीत, पेटीची किल्ली म्हाताऱ्या आईकडे, आणि आई इथून तीनशे किलोमीटरवर. सातारा जिल्ह्यातल्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात मी मेडिकल रेकॉर्ड विभाग सांभाळते. त्यामुळे 'जुने कागद कुठेत?' हा प्रश्न डॉक्टर पेशंटला विचारतात आणि शेवटी तो माझ्या टेबलावर येतो.

हा अनुभव अशाच एका हंगामातला. बाईंची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

संध्याकाळी लेबर रूममधून फोन आला. नववा महिना, कळा सुरू झालेल्या, आधीचं बाळंतपण सिझरचं. टोळी कारखान्याच्या फडावर, मुकादमाच्या जीपमधून आणलेली. सिझर करावं लागणार हे डॉक्टरांनी तपासताच ठरवलं होतं, तासा-दोन तासांचा अवधी होता. अडलं होतं ते भुलीपाशी. भूलतज्ज्ञ सरांनी नेहमीचा प्रश्न विचारला, 'मागच्या वेळी काही त्रास?' बाई म्हणाली, 'मला काय बी आठवत न्हाई. झटके आले व्हते. शुद्धीवर आले तवा काचंच्या खोलीत व्हते, तोंडात नळी. भुलीमुळं झालं म्हणत व्हते.'

आता हे झटक्यांमुळे झालं की भुलीमुळे, यावर पुढचं सगळं अवलंबून. गरोदरपणात रक्तदाब वाढून झटके आले आणि म्हणून आयसीयूत ठेवलं असेल, तर आज रक्तदाब ठीक होता, फार काळजी नव्हती. पण भुलीच्या औषधानं झालं असेल तर कोणत्या औषधानं? सर मला म्हणाले, 'डिस्चार्ज कार्ड मिळालं तर बघा. नाही मिळालं तर मी कमरेत इंजेक्शन देऊन करणारच आहे. पण स्पायनल नीट लागली नाही आणि पूर्ण भूल द्यायची वेळ आली, तर माझा हात कुठल्या ट्रेकडे जावा हे मला आत्ता ठरवायचंय.'

नवऱ्याकडे माता व बाल संरक्षण कार्ड होतं, या बाळंतपणाचं. त्यात मागच्या सिझरबद्दल एक शब्द: 'एलएससीएस', म्हणजे नुसतं सिझर झालं एवढंच. कार्डाच्या मागे मात्र प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या कुणीतरी पेननं चौदा आकडे लिहून ठेवले होते. आभा नंबर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १५ ऑगस्ट २०२० ला केंद्र सरकारनं डिजिटल आरोग्य मिशन जाहीर केलं, आधी सहा केंद्रशासित प्रदेशांत चालवून पाहिलं आणि २७ सप्टेंबर २०२१ पासून 'आयुष्मान भारत डिजिटल मिशन' या नावानं देशभर सुरू केलं. त्यात प्रत्येकाला चौदा आकडी आभा नंबर, म्हणजे आरोग्याच्या कागदांसाठीचा ओळख क्रमांक, काढता येतो. पुष्कळांना वाटतं की सगळ्यांचे रिपोर्ट दिल्लीत एका मोठ्या कॉम्प्युटरात साठवले जातात. तसं नाही. कागद ज्या रुग्णालयाचे त्याच रुग्णालयाकडे राहतात. दुसऱ्या रुग्णालयाला ते हवे असतील तर त्यानं मागणी करायची: कशासाठी, कोणत्या प्रकारचे कागद, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, आणि किती दिवस पाहायला मिळावेत. मागणी पेशंटच्या ॲपवर जाते. पेशंटनं मंजूर केली की जुन्या रुग्णालयाकडून कागद कुलूपबंद होऊन थेट आपल्याकडे येतात, मधल्या यंत्रणेला ते वाचता येत नाहीत. मंजुरी पेशंट नंतर काढूनही घेऊ शकतो. कागदावर ही रचना मला पहिल्यापासून आवडलेली आहे. एम्स दिल्लीवर २३ नोव्हेंबर २०२२ ला सायबर हल्ला झाला आणि पुढे कित्येक दिवस तिथे हातानं केसपेपर लिहीत होते, तेव्हापासून तर 'सगळं एका जागी' म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो.

मी मागणी भरली. हेतू: उपचार. प्रकार: डिस्चार्ज कार्ड आणि औषधांच्या चिठ्ठ्या. मुदत: उद्या संध्याकाळपर्यंत. बटण दाबलं. आता मंजुरी द्यायची ती बाईंच्या ॲपवरून. बाईंकडे मोबाईलच नव्हता.

तेही अडायचं कारण नाही. आमच्याकडे मदत कक्षाचा टॅब आहे, त्यावर पेशंटसमोर लॉगिन करून देतो. नंबर टाकला, आणि पडद्यावर आलं की ओटीपी अमुक शेवटच्या चार आकड्यांच्या मोबाईलवर पाठवला आहे. नवऱ्यानं ते आकडे पाहिले आणि म्हणाला, 'ह्यो तर मुकादमाचा नंबर.'

शिबिरात आभा काढताना टोळीत ज्याचा स्मार्टफोन रिचार्जसह चालू होता त्याचा नंबर दिला गेला होता, एवढीच गोष्ट. कुणाचा वाईट हेतू नव्हता. पण त्याचा अर्थ असा, की या बाईच्या आयुष्यभराच्या कागदांची किल्ली तिच्या मुकादमाच्या खिशात होती.

याला एवढं महत्त्व का, हे ज्यांनी ऊसतोड जवळून पाहिलेली नाही त्यांच्या लक्षात येणार नाही. मुकादम हंगामाआधी जोडप्याला उचल देतो. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. एक दिवस काम बुडालं तर खाडा, त्याचे पैसे कापले जातात. आजारपण, पाळी, गरोदरपण, गर्भपात, सगळ्याचा हिशेब खाड्यात होतो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढण्याचं प्रकरण गाजलं, तेव्हा २०१९ मध्ये राज्य सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली होती. अशा धंद्यात बाईच्या पोटाचे कागद मुकादमाला दिसणं म्हणजे काय, ते सांगायला नको.

नवऱ्यानं तोवर फोन लावलाही होता. मुकादम स्पीकरवर: 'कसला ओटीपी? कुणी लोन काढलंय का माझ्या नावावर?' मग आवाज उतरला. 'कशी हाय ती? बाळ हाय ना चांगलं? सांगू का नंबर?'

सिस्टर माझ्याकडे पाहत होती. वर घड्याळ. सहा आकडे विचारले असते तर काम झालं असतं, आणि तेवढं एकदाच विचारायला हरकत काय, असं त्या खोलीतल्या प्रत्येकाला वाटत होतं. मी म्हटलं, 'नको, काका. तो कुणालाच सांगू नका.' कारण प्रश्न त्या एका ओटीपीचा नव्हता. बाईंनी आज आमची मागणी मंजूर केली असती आणि नंबर तोच ठेवला असता, तर आमचं उद्याचं डिस्चार्ज कार्डही त्याच फोनवर उघडता आलं असतं.

निवासी डॉक्टर म्हणाले, 'मॅडम, तिकडच्या कुणाला तरी व्हॉट्सॲपवर फोटो मागवा ना.' आपल्याकडची खरी राष्ट्रीय आरोग्य नोंद प्रणाली ती हीच. मीही फोन लावला, व्हॉट्सॲपसाठी नव्हे, तिकडच्या रुग्णालयाशी बोलण्यासाठी. रात्रपाळीच्या माणसानं सांगितलं, 'अर्ज घेऊन पेशंट किंवा नातेवाईक पाठवा, सकाळी साहेब आल्यावर.' त्याला दोष देता येत नाही. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेप्रमाणे अर्ज आल्यापासून ७२ तासांत कागद द्यायचे असतात, आणि फोनवरच्या अनोळखी बाईला ते न देणं हेच त्याचं कर्तव्य. त्याच्या जागी मीही हेच केलं असतं.

मग उरला एक रस्ता. आभाचा मोबाईल नंबर बदलता येतो, आधारवर नोंदलेल्या मोबाईलवर ओटीपी मागवून. बाईंच्या आधारला नवऱ्याचा नंबर जोडलेला होता, बँकेचं खातं काढताना दिलेला. तो साधा बटणांचा फोन खिशातच होता, पण रिचार्ज संपून महिना झालेला. मघाचा फोनही त्यानं शेजारच्या नातेवाइकाच्या मोबाईलवरून लावला होता. रिचार्ज मी माझ्या मोबाईलवरून मारला. मेसेज यायला इतका वेळ लागला की नवरा फोन उंच धरून खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. आला.

पोर्टलनं विचारलं: नवीन मोबाईल नंबर?

नवरा आपला नंबर सांगायला लागला. बाई कळेतून सावरत म्हणाली, 'आईचा लावा. तिचा फोन कायम चालू असतोय.' नवरा काही बोलला नाही. मीही काही विचारलं नाही. गावाकडे फोन लागला. आईला वाचता येत नव्हतं. मोठी नात, चौथीतली, तिनं सहा आकडे एकेक करून सांगितले आणि शेवटी 'झालं का, मावशी?' असं विचारलं. झालं होतं. पुढं लॉगिनचा ओटीपीही तिनंच वाचला.

ॲप उघडलं. तिकडच्या रुग्णालयानं जोडलेल्या भेटींची यादी समोर आली: तारखा, विभाग, कागदाचा प्रकार. मी टॅब तिच्या हातात दिला आणि यादी वाचून दाखवली. तिनं विचारलं, 'ह्यातलं समदं दिसंल का तुमाला?' मी म्हटलं, 'तुम्ही द्याल तेवढंच.' तिनं नवऱ्याला पाणी आणायला पाठवलं. मग एका भेटीवर बोट ठेवलं. 'ही नको.' त्या ओळीसमोरची खूण काढली. ती भेट कशाची होती ते इथे लिहिण्याचं काही कारण नाही. आजच्या ऑपरेशनशी तिचा संबंध नाही, एवढं विभागाच्या नावावरून कळत होतं. बाकीच्यांना मंजुरी तिनं स्वतःच्या अंगठ्यानं दिली. ऊस सोलून सोलून त्या अंगठ्याला घट्टे पडले होते, पहिल्या दोन वेळा पडद्याला स्पर्श कळलाच नाही.

मंजुरी पोचली, कागद मात्र येईनात. पलीकडचा सर्व्हर सुस्त असावा. तोवर मी टॅबवरचं तिचं खातं लॉगआउट केलं आणि तिला ते दाखवलं. बाई ऑपरेशन थिएटरमध्ये जायच्या तयारीत असताना माझ्या कॉम्प्युटरवर डिस्चार्ज कार्ड उघडलं. बहुतेक सगळं छापील ठशातलं. 'उपचारादरम्यान' या रकान्यात खाली एक ओळ होती: झटक्यांमुळे पूर्ण भूल, स्कोलिन दिल्यानंतर बराच काळ श्वास सुरू झाला नाही, व्हेंटिलेटरवर ठेवले.

मी ती प्रिंट घेऊन पळतच गेले. सरांनी वाचली, आणि भूलवाल्या सिस्टरला म्हणाले, 'स्कोलिन ट्रेमधून काढून ठेवा. दुसरं भरा.'

नंतर त्यांनी मला समजावलं. घाईत पूर्ण भूल द्यायची असली की श्वासनलिकेत नळी घालण्यासाठी स्कोलिन देतात, कारण ते पटकन लागतं आणि काही मिनिटांत उतरतं. ते उतरवणारं एन्झाइम काहींच्या रक्तात जन्मतःच नीट काम करत नाही. मग काही मिनिटांऐवजी कित्येक तास माणूस स्वतःहून श्वास घेऊ शकत नाही. मशीन तयार असेल तर त्यातून सुखरूप बाहेर येतो, पण बेसावध गाठलं तर पंचाईत. आणि हे घराण्यात चालतं. बाईनं आईचा नंबर दिला तो वेगळ्या कारणानं असेल, पण सरांनी दुसऱ्या दिवशी त्याच नंबरवर फोन करून आईला, भावांना आणि मुलांनाही कधी भूल द्यायची वेळ आली तर हे सांगा म्हणून बजावलं. इकडे आमच्या फाईलच्या पहिल्या पानावर लाल शाईत ठळक नोंद गेली, आणि आमचं डिस्चार्ज कार्डही आता तिच्या आभाला जोडलेलं आहे. एका ओळीऐवजी त्यात पूर्ण परिच्छेद आहे.

स्पायनल पहिल्याच प्रयत्नात लागली. दुसऱ्या ट्रेला कुणी हातही लावला नाही.

दुसऱ्या दिवशी मुकादम माझ्या खिडकीशी. जीपचं डिझेल त्यानं पदरचं घातलं होतं, बाळ बघूनच आला होता. 'मॅडम, कार्ड माझ्या नंबरवर निघालंय, मग फाईल मला का दाखवत न्हाईत?' मी सांगितलं की फाईल पेशंटची, नंबर कुणाचाही असो. आणि आता नंबरही तुमचा राहिलेला नाही. मला वाटलं आता आवाज चढणार. तो म्हणाला, 'मग बाकीच्या बायांचं पण काढा की. समद्या माझ्याच नंबरवर हायेत. रोज मेसेज येत्यात, मला काय करायचंय त्यांच्या तपासण्यांचं?' त्याच्या बोलण्यावर किती विश्वास ठेवायचा ते मला अजून ठरवता आलेलं नाही. पण त्यानं वेळ दिली, आणि एका रविवारी आमची दोन माणसं टॅब घेऊन फडाशेजारच्या कोप्यांवर गेली. मीही गेले.

नोंदणीच्या सॉफ्टवेअरमध्ये 'हा मोबाईल कुणाचा' असा रकानाच नाही. आमच्या काउंटरवर आता ते शेऱ्यात लिहितात: स्वतःचा, नवऱ्याचा, मुलाचा, मुकादमाचा. त्या रविवारीही हेच विचारत होतो. काहींच्या आधारचा नंबर केव्हाच बंद पडलेला, त्यांना आधार केंद्राचा पत्ता लिहून दिला. काहींनी नवऱ्याचा नंबर दिला, काहींनी माहेरचा. एकीनं बराच विचार केला आणि म्हणाली, 'मुकादमाचाच राहू द्या. आमच्या घरात त्येच्याशिवाय कुणाचा फोन लागत न्हाई.' मी तिला दोनदा समजावलं. तिला कळलं होतं. तिचा तसाच ठेवला.