काकांचा रिव्ह्यू आणि 28 ची हवा

नागपुरात वाडीला माझं टायर आणि व्हील अलाइनमेंटचं दुकान आहे. सोळा वर्षं झाली. आठवडाभर गाड्या खालून बघायच्या आणि रविवारी सकाळी फुटाळा तलावावर गाडीवेड्या मित्रांशी गाड्यांबद्दल बोलायचं, हा माझा ठरलेला क्रम आहे. आम्ही सहा जण. एक वकील, एक पॅथॉलॉजी लॅबवाला, दोघं हिंगण्याच्या एमआयडीसीत, मी आणि इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेला माझा भाचा. दर गाडीचा टॉर्क त्याला तोंडपाठ असतो.

मागच्या रविवारी तर्री-पोहे थंड होईपर्यंत वाद चालला. कारण होतं चार पानं. आमच्या गल्लीतले एक काका बँकेतून निवृत्त झाले आणि दिवाळीत त्यांनी नवी मिडसाइझ सेदान घेतली, दीड लिटर पेट्रोल. सहा महिने, 9,400 किलोमीटर चालवल्यावर त्यांनी सुवाच्य अक्षरात ‘ग्राहक म्हणून माझा अनुभव’ असं शीर्षक देऊन सगळं लिहून काढलं आणि पंधरा झेरॉक्स करून ओळखीत वाटल्या. काकांनी अनेक वर्षं ग्राहक चळवळीत काम केलंय. पावती ते फेकत नाहीत, तारीख ते चुकवत नाहीत.

वकिलानं पानं भरभर चाळून कागद बाजूला ठेवला. “हा गाडीचा रिव्ह्यू आहे का? इंजिनवर तीन ओळी, अन् मागच्या सीटवर दीड पान!” भाचा म्हणाला, “मामा, शून्य ते शंभर किती सेकंदात जाते ते कुठंच नाही लिहिलं.” लॅबवाल्याचं म्हणणं असं की ज्यानं गाडी कधी 4,000 आरपीएमच्या वर नेली नाही, त्यानं तिच्याबद्दल मत देऊ नये.

मला ते पटलं नाही, आणि मी तसं तिथंच सांगितलं. गाडी चालवणारा एक आणि बसणारे चार असतात. आपण सगळे त्या एकाच माणसाच्या खुर्चीतून गाडी बघतो. काकांनी उरलेल्या चौघांचं लिहिलंय, तर ते खोटं आहे का एवढंच तपासावं.

बुधवारी काकांना गाडी घेऊन दुकानात यायला सांगितलं.

काकांनी लिहिलं होतं, “वयस्क माणसाला मागे बसणे-उतरणे कष्टाचे.” माझी आई 74 वर्षांची आहे, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. तिला आणलं आणि टेप घेऊन बसलो. जमिनीपासून मागच्या सीटची कड 50 सेंटिमीटर. आमच्या घरची लाकडी खुर्ची 45. म्हणजे सीट खुर्चीहून उंच आहे, तरी आई बसताना कण्हली. तिला दोनदा बसवलं-उठवलं तेव्हा कळलं. त्रास सीटच्या उंचीचा नाहीच. छप्पर मागे उतरतं, त्यामुळे दाराची चौकट बरोबर तिच्या डोक्याशी येते. मान वाकवायची, त्याच वेळी उंबऱ्यासारख्या पट्टीवरून पाय आत न्यायचा, आणि सगळा भार दुसऱ्या गुडघ्यावर. तिला सांगितलं, आधी पाठमोरी टेक, मग दोन्ही पाय मिळून आत घे. तसं केल्यावर एकदाच “अगंबाई” म्हणाली आणि बसली. एकदा आत गेल्यावर मात्र ती म्हणाली, पाय पसरून बसता येतं. हेही काकांनी लिहिलंय, दुसऱ्या पानाच्या शेवटी. वकील तिथवर पोहोचलाच नव्हता.

मागच्या एसीचं त्यांचं निरीक्षणही अचूक आहे. 45 डिग्रीत दोन तास उन्हात उभी राहिलेली गाडी मागच्या झडपांतून थंड व्हायला किती मिनिटं लागतात, हे त्यांनी घड्याळ लावून लिहिलंय. नागपुरात गाडी घेणाऱ्याला शून्य ते शंभरपेक्षा हा आकडा जास्त उपयोगाचा आहे. मे महिन्यात भर दुपारी लहान मूल घेऊन सीताबर्डीतून निघालेल्या माणसाला विचारा.

दोन गोष्टी काकांच्या चुकल्या. त्यातली पहिली साधी आहे. त्यांनी लिहिलं, ऐंशीच्या वर मागच्या चाकांतून घुं असा आवाज येतो, हा गाडीचा दोष. मी त्यांना शेजारी बसवून रिंग रोडनं नेलं. सिमेंटवर आवाज होता. डांबरी तुकडा लागला आणि बंद. पुन्हा सिमेंट, पुन्हा घुं. सिमेंटचा रस्ता ओला असतानाच त्यावर आडव्या बारीक रेघा ओढतात, चाक घसरू नये म्हणून. टायरची नक्षी त्या रेघांवर एका ठेक्यात आपटत जाते आणि एक सूर निघतो. सेदान आतून शांत असल्यानं तो जास्त जाणवतो. काकांनी खिशातून वही काढली आणि तिथल्या तिथे लिहून घेतलं.

दुसरी चूक तिसऱ्या पानावर आहे, आणि तिच्यामुळेच मी हे सगळं लिहितोय. “उन्हाळ्यात हवा फुगते, म्हणून टायरमध्ये 28 ठेवावी. मी ठेवतो.” फुटाळ्यावर सहा जणांनी ते पान हातात घेतलं. एकानंही त्यावर बोट ठेवलं नाही. मीही घरी येऊन दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा थबकलो.

काका याच गाडीनं समृद्धी महामार्गावरून मुलीकडे संभाजीनगरला जातात. शिवमडक्याहून चढलं की सरळ सिमेंट, 120 ची मर्यादा, तासन्‌तास एकच वेग. त्या रस्त्यावर टायर फुटून काय होतं, हे आपण 2022 च्या डिसेंबरात शिर्डीपर्यंतचा टप्पा सुरू झाल्यापासून वाचत आलोय.

चारही चाकं थंड असताना हवेचा दाब मोजायचा गेज लावला. 27, 28, 28, 26 पीएसआय. दाराच्या खांबावरचं कंपनीचं स्टिकर सांगतं 33. मग मी काकांचा हात धरून टायरवर फिरवला, मधून कडेकडे. दोन्ही खांदे गुळगुळीत लागत होते. डेप्थ गेजनं मोजलं, मध्ये 6.8 मिलिमीटर, कडांना 5.4. हवा कमी असली की टायर मधून उचलला जातो आणि वजन कडांवर येतं.

“पण मग उन्हाळ्यात टायर फुटतात, ते काहून?” काकांनी विचारलं. प्रश्न मनापासूनचा होता. पंपावरच्या पोरानं त्यांना सांगितलं होतं की जास्त हवेनंच फुटतात.

मी एक जुना टायर उभा केला आणि त्याची बाजूची भिंत अंगठ्यानं दाबून दाखवली. हवा कमी असेल तर ही भिंत दर फेऱ्याला दुमडते आणि सरळ होते. 120 च्या वेगात सेकंदाला सतरा-अठरा वेळा. तार वाकवत राहिली की जशी गरम होते, तसं हे रबर आणि आतले धागे तापतात, सुटतात आणि मग भिंत फाटते. थंड असताना 33 भरलेली हवा भर उन्हात पळताना 37-38 होते, हे खरं आहे. कंपनीनं ते धरूनच 33 लिहिलंय, आणि चांगल्या टायरला त्याचं काही होत नाही. थंड टायरमधली हवा आधीच काढून ठेवली, तर टायरच जास्त तापतो. कमी हवेवर धावून धावून टायर तापला आणि त्यात तो जुना असला, तर फुटायला एवढं पुरतं.

त्याच हवेनं त्यांचं मायलेजही खाल्लं. काकांनी डॅशबोर्डवरचा आकडा उतरवला होता, 18.1. मी 33 हवा भरून टाकी ते टाकी मोजायला लावलं. 412 किलोमीटरला 24.9 लिटर, म्हणजे साडेसोळा. डॅशबोर्डचा आकडा फुगलेला होता. 33 वर इतकं, तर 28 वर टाकी ते टाकी याहून कमीच भरलं असणार. कंपनीच्या जाहिरातीतला आकडा तर याहून वरचा असतो, कारण ती चाचणी रोलरवर होते आणि त्या चक्रात वेग 90 च्या वर जात नाही. समृद्धीवर 120 नं जाताना हवेचा रोध 80 च्या सव्वादोनपट असतो. ठेंगणी सेदान तिथं उंच एसयूव्हीपेक्षा हलकी पडते. होंडा सिटी 1998 पासून आपल्याकडे विकली जातेय, मारुतीच्या सियाझचं उत्पादन मात्र 2025 मध्ये थांबलं. या जातीच्या गाड्या आता मोजक्याच उरल्यात. म्हणून काकांसारख्या माणसानं सेदानबद्दल लिहिलेलं मला मोलाचं वाटतं. ते बरोबर असावं, असंही तितकंच वाटतं.

काका रागावले नाहीत. काउंटरवरचा पेन घेऊन स्वतःच्या प्रतीवर 28 खोडलं आणि लिहिलं, “33. सकाळी, गाडी हलवण्याआधी.” खाली सही, तारीख. मग विचारलं, “चांगला गेज केवढ्याचा येतो?” जाताना घेऊन गेले.

शनिवारी संध्याकाळी ते यादी घेऊन दुकानात आले. पंधरा प्रती कोणाकोणाला दिल्या, ते त्यांनी अर्थातच लिहून ठेवलं होतं. अकरा जणांकडे स्वतः जाऊन दुरुस्ती करून आले. चार उरलेत. दोन मानेवाड्याला, एक कामठीला, एक बुटीबोरीला. या रविवारी फुटाळा नाही. काका आणि मी निघतोय, डिक्कीत गेज आणि छोटा कंप्रेसर घेऊन.