टी-७२बी३ आणि लेपर्ड २ए६, प्रमाण १:३५ : बांधणीची नोंद, चौथा टप्पा

मागील टप्प्याच्या अखेरीस रशियन टी-७२ आणि जर्मन लेपर्ड या दोन्ही रणगाड्यांच्या मॉडेलचे हल (खालचा मुख्य सांगाडा) आणि चाके जोडून झाली होती. या टप्प्यात टरेट (तोफ असलेला वरचा फिरता बुरूज), आतील दारूगोळ्याची मांडणी आणि लेपर्डचे चाकांवरचे साखळीपट्टे अशी तीन कामे हाती घेतली. पट्टे अजून अर्धवट आहेत, बाकीची दोन कामे प्रायमरपर्यंत, म्हणजे रंगाआधीच्या अस्तरापर्यंत आली आहेत. दोन्ही किट अंतर्भागासह आहेत आणि ती शेजारी शेजारी ठेवून बांधण्याचा निर्णय किती योग्य होता, हे या वेळी पटले. रणगाड्याची उंची, वजन आणि माणसांची संख्या कशी ठरते, हे बाहेरच्या आकारावरून उमगत नाही. गोळे कुठे ठेवले आहेत, हे पाहिले की उलगडत जाते.

टी-७२ च्या टरेटखाली, हलच्या तळाशी ऑटोलोडरची, म्हणजे तोफेत आपोआप गोळा भरणाऱ्या यंत्राची, फिरती चकती बसते. तिच्यात २२ कॅसेट (खोके) असतात आणि प्रत्येक कॅसेटमध्ये खाली गोळा, वर त्याचा चार्ज, म्हणजे तो फेकणारी दारू, अशी दोन मजली रचना असते. म्हणजे ४४ सुटे भाग, आणि त्या प्रत्येकावर साच्याची एक बारीक रेघ. ती खरवडून काढण्यात तीन संध्याकाळी गेल्या. किटमधील चकती मधल्या खुंटीवर खरोखर फिरते. ती बोटाने फिरवून पाहताना या यंत्रामागचा विचार डोळ्यांसमोर उभा राहतो. गोळा यंत्राने भरला की चौथा माणूस लागत नाही, उभे राहून गोळे उचलणारा माणूस नसला की छत खाली आणता येते, आणि छत खाली आले की तेवढ्याच वजनात समोरचे चिलखत जाड करता येते. मूळ टी-७२ १९७३ साली सेवेत आला, तेव्हापासून त्याची छतापर्यंतची उंची सुमारे २.२ मीटरच राहिली आहे. माझ्या मॉडेलमध्ये ती ६४ मिलिमीटरच्या आसपास भरते. शेजारचा लेपर्ड कमांडरच्या दुर्बिणीच्या माथ्यापर्यंत सुमारे ३ मीटरचा, म्हणजे जवळजवळ ८६ मिलिमीटरचा आहे. वजनातही सुमारे ४६ टन आणि ६२ टन असा फरक आहे.

या बुटकेपणाची किंमत मात्र टरेटमध्ये त्या चकतीवर बसणाऱ्या दोघांना मोजावी लागते. चिलखत भेदले गेले आणि चार्ज पेटले, तर स्फोट थेट त्यांच्या पायाखाली होतो. युक्रेनमध्ये २०२२ पासून टरेट उडून पडलेल्या टी-७२ ची जी छायाचित्रे आली, त्यांचे मूळ इथे आहे. चकतीबाहेर हलमध्ये आणि टरेटमध्ये जागा मिळेल तिथे ठेवलेले जादा गोळे हा धोका आणखी वाढवतात.

लेपर्डबाबत माझे मत याच कामात बदलले. त्याच्या टरेटच्या मागील भागात १५ गोळे वेगळ्या कप्प्यात असतात आणि स्फोट झाल्यास दाब वर निघून जावा म्हणून त्या कप्प्याच्या छताला उडून जाणारी झाकणे असतात. एवढ्यावरून मी हा रणगाडा या बाबतीत सुरक्षित मानत होतो. पण उरलेले २७ गोळे चालकाच्या डाव्या हाताला, हलमध्येच असतात आणि तिथे अशी सोय नाही. ती मांडणी स्वतःच्या हाताने एकेक गोळा चिकटवून भरली, तेव्हा डिसेंबर २०१६ मध्ये सीरियातील अल-बाबजवळ गमावलेल्या तुर्की लेपर्ड २ए४ ची अवस्था तशी का झाली, ते नीट समजले. अमेरिकेच्या एम१ए१ एब्रम्सने ४० पैकी ३४ गोळे टरेटच्या मागील कप्प्यात, पोलादी सरकत्या दारांच्या पलीकडे नेले. या एका प्रश्नावर तीन देशांनी तीन उत्तरे दिली आणि आपण मॉडेल करताना तीच उत्तरे चिमट्याने बसवत असतो.

टी-७२ चे टरेट ओतीव आहे, त्यामुळे गुळगुळीत प्लास्टिक तसेच ठेवणे मला योग्य वाटले नाही. पातळ केलेली पुट्टी जुन्या, केस कापलेल्या ब्रशने ठोकत लावली, दहा मिनिटांनी ओलसर बोटाने हलकेच दाबली आणि वाळल्यावर ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने फक्त उंचवटे घासले. पहिला थर फार जाड झाला होता, तो पूर्ण काढून पुन्हा केला. लेपर्डच्या वेल्डिंग केलेल्या टरेटवर हा प्रकार करू नये. तिथे जोडांच्या रेषाच तेवढ्या उठून दिसायला हव्यात.

कोंटाक्ट-५ या, आत स्फोटक भरलेल्या जादा चिलखताच्या ठोकळ्यांनी मात्र त्रास दिला. किटच्या सूचनापुस्तिकेत टरेटच्या उजव्या बाजूच्या दोन ठोकळ्यांचा कोन उलटा दाखवला आहे आणि छायाचित्रांशी ताडून पाहण्याआधीच मी ते चिकटवले होते. पातळ पात्याने सोडवून, मागची खूण पुट्टीने भरून पुन्हा बसवावे लागले. कोन चुकवून चालत नाही, कारण या चिलखताचे काम कोनावरच अवलंबून असते. आतील स्फोटकामुळे जाड पोलादी पत्रा तिरकस दिशेने फेकला जातो आणि आत शिरणाऱ्या गोळ्याच्या लांब धातूच्या सळईला तो आडवा छेद देतो. आधीचे कोंटाक्ट-१ मुख्यतः आकारित स्फोटकातून निघणारी धातूची धार अडवण्यापुरते होते.

लेपर्डच्या तोफेसाठी ॲल्युमिनियमची नळी वापरली आहे. १२० मिलिमीटर व्यासाच्या ५५ पट लांबी म्हणजे ६.६ मीटर, आपल्या प्रमाणात सुमारे १८९ मिलिमीटर. २ए४ ची ४४ पट लांबीची नळी १५१ मिलिमीटरच भरते. या ३८ मिलिमीटरांच्या वजनाने तोफ खाली झुकू लागली, म्हणून तिचा आस इपॉक्सीने पक्का केला. गोळ्याचा वेग वाढवण्यासाठी जर्मनीने नळी लांब केली आणि गल्लीबोळांत, झाडीत टरेट फिरवताना होणारी अडचण पत्करली. अमेरिकेने नळी ४४ पटच ठेवली आणि क्षीण युरेनियमच्या सळईवर भर दिला. मला जर्मन मार्ग अधिक पटतो, कारण उत्तम नळी पुढच्या प्रत्येक गोळ्याच्या कामी येते.

टी-७२ च्या टरेटवर २०२१ च्या अखेरीपासून दिसू लागलेला जाळीचा सांगाडा ०.५ मिलिमीटर पितळी तारेतून डाक देऊन केला आहे. समोरून कितीही जाड असला, तरी प्रत्येक रणगाड्याचे छत पातळच राहते आणि वरून येणाऱ्या ड्रोनमुळे ही उणीव ठळक झाली. खऱ्या सांगाड्यांचे वेल्डिंग ओबडधोबड असते, म्हणून डाकाचे थेंब मी घासून काढले नाहीत.

लेपर्डच्या एका बाजूच्या पट्ट्याच्या ८२ कड्यांपैकी ५१ जोडून झाल्या आहेत. त्यानंतर आरएएल या रंगांच्या प्रमाण यादीतील ६०३१ हिरवा, ८०२७ तपकिरी आणि ९०२१ काळा, या क्रमाने रंग चढेल. टी-७२ चे टरेट मी चिकटवणार नाही. ते उचलले की २२ कॅसेटची चकती दिसली पाहिजे.