तुम्ही विचारलंत म्हणून : डावा अंगठा

चतुर्थीला घरी आलेला एखादा तरी पाहुणा कोपऱ्यातली गिटार बघून विचारतोच, "मुलाला सर लावू, की यूट्यूबवर शिकेल तो आपला आपण?"

भजनातल्या पेटीबद्दल आमच्या फोंड्यात असं कुणी विचारत नाही. बुवांकडे जायचंच असतं. पूर्वी चर्चच्या शाळेत सोल्फा (पाश्चात्य सरगम) आणि व्हायोलिन शिकवायलाही मेस्त, म्हणजे संगीताचा मास्तर, असायचाच. गिटारचं मात्र वाटतं, येईल हळूहळू. किनाऱ्यावर जो तो चार कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) वाजवताना दिसतो ना!

क्लासिकल गिटारचं तसं नाही. नायलॉनच्या तारा, रुंद मान (तारा दाबायचा लांब दांडा), हातात पिक, म्हणजे तारा छेडायची चकती, नाही. सूर काढायचा तो उजव्या हाताच्या बोटांनी आणि नखांनी. (माझं नख दर महिन्याला नारळ खवताना मोडतं, ते सोडा.)

मी दोन वर्षं एकटाच शिकलो. नोटेशन वाचता यायला लागलं, स्पॅनिश संगीतकार तारेगाची 'लाग्रिमा' ही छोटी रचना कशीबशी उतरली. पण मधल्या भागात एक बोट आडवं टाकून तारा दाबायच्या, की अंगठ्याच्या मुळाशी कळ यायची. मला वाटायचं, सराव कमी पडतो. म्हणून आणखी दाबायचो.

शेवटी पणजीत एका सरांकडे गेलो. चार ओळी ऐकून ते म्हणाले, "आता अंगठा काढून वाजव." मानेमागचा अंगठा सोडला, हाताचं वजन तारांवर पडू दिलं, आणि सूर निघाला. कर्कश होता, पण निघाला. म्हणजे दोन वर्षं मी चिमट्यासारखा अंगठा आवळत होतो, तो फुकटच.

पुढचा महिनाभर त्यांनी डाव्या हाताला काम असं दिलंच नाही. आधी खुल्या (न दाबलेल्या) तारा, मग जुलियानी या इटालियन गिटारवादकाचे धडे. १८१२ सालचे उजव्या हाताचे १२० धडे, आणि सगळे मिळून कॉर्ड दोनच, सी आणि जी सेव्हन. आई म्हणाली, "फी भरून एवढंच?" अंगठ्याची खोड जायला मात्र आठ महिने गेले. नवं शिकण्यापेक्षा ते जड गेलं.

यावर कुणीतरी सेगोव्हिया या थोर स्पॅनिश गिटारवादकाचं नाव काढतोच. तो स्वतःच स्वतःचा गुरू होता. मान्य. माझाही अंगठा माझ्याच हाताखाली शिकला, पण तो राहतो मानेच्या मागे. वाजवणाऱ्याला दिसतच नाही.

तेव्हा पहिलं वर्षभर तरी सर लावाच. एकदा हात नीट बसला, की गाणी मुलगा आपली आपण बसवील. महिन्यातून एकदा दाखवून आणलं तरी पुरे. जवळपास कुणीच नसेल तर त्याचा व्हिडिओ काढा, पण समोरून नको. मानेच्या मागच्या बाजूने काढा.