कोल्हापूर ते काशी: चौघांची विमानाची तिकिटं काढताना आलेला अनुभव

आई, बाबा, शालन मावशी आणि काका यांनी काशीला जायचं ठरवलं. रेल्वेचा इतका लांबचा प्रवास आता चौघांनाही झेपणार नव्हता, म्हणून विमानानं जायचं नक्की झालं आणि तिकिटं काढायचं काम माझ्याकडं आलं. यातलं कुणीच याआधी विमानात बसलेलं नव्हतं. वाटेत काही अडलं असतं तर काउंटरवर वाद घालून मार्ग काढणं त्यांना जमलं नसतं. म्हणून जे काही तपासायचं ते घरी बसून, पैसे भरायच्या आधीच तपासायचं असं मी ठरवलं. त्यात जे समजलं ते इथं लिहिते, कारण घरातल्या मोठ्यांची तिकिटं आता बहुतेक ठिकाणी मुलंच काढतात.

सुरुवात साइट उघडून केली नाही, आधार कार्डं मागवून केली. मावशीला आम्ही सगळे शालन म्हणतो, बँकेच्या पासबुकावरही शालनच आहे, पण आधारवर आहे शालिनी. काकांची गंमत आणखी पुढची. मतदार ओळखपत्रावर बाळासो, आधारवर बाळासाहेब. मावशी फोनवर म्हणाली, "अगं, शालन काय नि शालिनी काय, माणूस एकच न्हवं का?" तिचं बरोबर होतं, पण गेटवरचा जवान तिला ओळखत नाही. तो तिकिटावरचं नाव आणि हातातलं ओळखपत्र एवढंच बघणार. मी चारही कार्डांचे फोटो समोर ठेवले आणि एकेक अक्षर लावून नावं भरली. आडनावाच्या रकान्यात आडनावच गेलंय का, हेही पाहिलं, कारण आपल्याकडं काही कार्डांवर आडनाव आधी छापलेलं असतं. काकांचं नाव भाच्यानं पूर्वी कधी तरी मोबाइलमध्ये साठवून ठेवलेलं होतं आणि टॅप केलं की 'बाळासो' आपोआप भरलं जात होतं. ते पुसून नव्यानं लिहिलं. सोबत कुठलं कार्ड न्यायचं तेही तेव्हाच ठरवलं: आधार, दुसरं काही नाही.

आता मार्ग. कोल्हापूरहून थेट बनारसला विमान नाही, त्यामुळं माझ्यापुढं तीन पर्याय होते. कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळाहून हैदराबाद आणि तिथून बनारस, पुण्याला जाऊन तिथून, किंवा महालक्ष्मी एक्सप्रेसनं मुंबई गाठून तिथून. मुंबईचा पर्याय मी लगेच सोडला. रात्रभर रेल्वे, सकाळी टॅक्सी आणि मग विमानतळ, हे सत्तरीच्या माणसांना कशाला? पुण्याहून मात्र तिकीट स्वस्त दिसत होतं, माणशी एका बाजूला बाराशे रुपये कमी. चौघांचं जाऊन-येऊन ९,६०० रुपये वाचतात असं वाटत होतं. मग कागद घेतला. पुण्यापर्यंत गाडीचे आणि किणी, तासवडे, आनेवाडी, खेड शिवापूर या टोलनाक्यांचे मिळून एका बाजूचे ५,५०० रुपये, म्हणजे दोन्ही बाजूंचे ११,०००. शिवाय रस्त्याच्या कामामुळं कुठं किती वेळ अडकू याचा भरवसा नाही आणि पहाटेचं विमान असेल तर पुण्यात एक मुक्काम. स्वस्त तिकीट महाग पडत होतं. स्क्रीनवर जो आकडा दिसतो तो विमानतळ ते विमानतळ असतो, आपला प्रवास मात्र घराच्या दारापासून सुरू होतो.

हैदराबादमार्गे जायचं ठरल्यावर खरी सावधगिरीची जागा आली, आणि माझ्या मते सगळ्यात मोठं नुकसान इथंच होतं. एका साइटवर याच मार्गाचा बराच स्वस्त पर्याय वर येत होता. खाली बारीक अक्षरात 'सेल्फ ट्रान्स्फर' लिहिलेलं. याचा अर्थ दोन वेगळी तिकिटं, दोन वेगळे पीएनआर, म्हणजे बुकिंग क्रमांक. हैदराबादला उतरून पट्ट्यावरून बॅगा उचलायच्या, बाहेर यायचं, पुन्हा आत जाऊन बॅगा द्यायच्या आणि पुन्हा सुरक्षा तपासणी. देशांतर्गत विमानाचं चेक-इन, म्हणजे बॅगा देऊन बोर्डिंग पास घेणं, साधारण तासभर आधी बंद होतं. पहिलं विमान उशिरा पोचलं, तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी आपण आलोच नाही. तिकीट गेलं, आणि ऐनवेळचं नवीन तिकीट पदरचे पैसे घालून काढायचं. एकाच पीएनआरवर दोन्ही टप्पे असतील तर बॅग कोल्हापूरलाच बनारसपर्यंत टॅग होते आणि पहिल्या विमानाच्या उशिरामुळं दुसरं चुकलं तर पुढची सोय करणं ही कंपनीची जबाबदारी राहते. मी माणशी जास्तीचे पैसे देऊन एकच पीएनआर घेतला, मधला वेळही अडीच तासांचा निवडला. पन्नास मिनिटांचा पर्याय होता, पण मावशीचा गुडघा बघता तो नकोच होता. तिच्यासाठी बुकिंग करतानाच व्हीलचेअरची नोंद केली. गुडघ्यानं त्रस्त असलेल्या प्रवाशाला ती मोफत मिळते, आधी कळवावं लागतं एवढंच.

गोव्याहून विमान धरणाऱ्या आपल्या भागातल्या लोकांसाठी इथंच एक गोष्ट सांगते. गोव्यात आता दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ आहेत. दाबोळीचा कोड जीओआय, मोपाचा जीओएक्स. यादीत दोन्ही 'गोवा' म्हणूनच येतात आणि जाताना एक, येताना दुसरा असंही तिकीट निघू शकतं. गाडी एका ठिकाणी लावली असेल तर परतताना काय होईल याचा विचार करा.

तारखेचा भाग मी कॅलेंडर उघडून केला. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेत दाट धुकं असतं, सकाळची विमानं तासन् तास रखडतात. देवदिवाळी आणि महाशिवरात्रीला काशीत गर्दी, त्यामुळं भाडंही चढं. महाशिवरात्र होऊन गेल्यावर, ऊन वाढायच्या आत, आठवड्याच्या मधले दिवस धरले तेव्हा भाड्यात मोठा फरक दिसला.

तारखेचा आणखी एक धोका आहे. माझ्या ओळखीतल्या एका कुटुंबाचं मुंबईहून विमान होतं १५ तारखेला, रात्री १२.५० चं. घरच्यांनी धरलं, १५ ला संध्याकाळी निघायचं. विमान १४ च्या रात्रीच गेलं होतं. आपल्याकडं रात्री साडेबाराला अजून तोच दिवस चालू असतो, उजाडल्याशिवाय वार बदलत नाही. विमानाच्या घड्याळात मात्र बाराला तारीख बदलते. मध्यरात्रीनंतरचं विमान असेल तर घरातल्यांना तारीख सांगूच नये. "मंगळवारी रात्री जेवून घरातून निघायचं" असं सांगावं.

हे सगळं झाल्यावर पैसे भरायचा पडदा. तुलना करायला मी दोन-तीन साइट पाहिल्या, पण तिकीट थेट विमान कंपनीच्या साइटवरून काढलं. एका साइटवर पहिल्या पानावर दिसलेलं भाडं आणि शेवटचा आकडा यांत चौघांचे मिळून जवळजवळ तीन हजार वाढले होते. बारकाईनं पाहिलं तर कन्व्हिनियन्स फी माणशी लावलेली, प्रवास विम्यावर आधीच टिक, 'फ्री कॅन्सलेशन' नावाची पैसे घेणारी सोय जोडलेली आणि कुपनची सूट फक्त एका बँकेच्या कार्डाला. ग्राहकाच्या नकळत टोपलीत वस्तू टाकणं आणि किंमत थेंबाथेंबानं वाढवत नेणं हे दोन्ही प्रकार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२३ मध्ये काढलेल्या डार्क पॅटर्नविषयीच्या, म्हणजे ग्राहकाला चकवणाऱ्या मांडणीविषयीच्या, मार्गदर्शक तत्त्वांत नावानिशी आहेत. अशा १३ प्रकारांची ती यादी आहे. तेव्हा ग्राहकांनी हे निमूट सोसायचं कारण नाही, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते.

सीटचा पडदाही असाच. सीट निवडलीच पाहिजे असं वाटावं अशी त्याची मांडणी असते, पण 'स्किप' कोपऱ्यात असतं. बाबांना वरचेवर उठावं लागतं म्हणून त्यांच्यासाठी पैसे देऊन कडेची सीट घेतली. तो खर्च मला योग्य वाटला. बाकी तिघांची सीट वेब चेक-इन सुरू झाल्यावर जी मोफत मिळेल ती. सामानाचं उलट केलं. बहुतेक साध्या तिकिटांत १५ किलोची एक बॅग आणि हातात सात किलो एवढंच असतं. येताना आईच्या पिशव्या वाढणार हे मला माहीत होतं, म्हणून परतीच्या टप्प्याला जादा वजन आधीच ऑनलाइन घेऊन ठेवलं. विमानतळावर तेच महाग पडतं.

पैसे भरल्यावर पीएनआर आला. मेल आला म्हणजे झालं असं न धरता तो पीएनआर कंपनीच्या साइटवर टाकून चारही नावं, दोन्ही तारखा आणि दोन्ही टप्पे पुन्हा वाचले. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांचा फोन. "परतीच्या दिवशी पाव्हण्यांच्यात साखरपुडा निघालाय बघ, एक दिवस आधी यायला पायजे." इथं एक नियम कामाला आला. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या नियमानुसार देशांतर्गत प्रवासाला किमान सात दिवस बाकी असतील, तर बुकिंगनंतरच्या पहिल्या ४८ तासांत तिकीट दंडाशिवाय रद्द करता किंवा बदलता येतं. नव्या विमानाच्या भाड्यातला फरक तेवढा द्यावा लागतो. आम्ही तेवढाच दिला. थेट कंपनीच्या साइटवरून काढलेल्या तिकिटातली नावाच्या स्पेलिंगची चूकही २४ तासांत कळवली तर जादा पैसे न घेता दुरुस्त होते. म्हणून तिकीट हातात आल्यावर पहिला दिवस वाया घालवू नका, त्याच दिवशी घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा.

आणि समजा पुढं रद्द करायची वेळ आलीच, किंवा विमान चुकलंच, तर सगळे पैसे बुडाले असं समजून गप्प बसू नका. सरकारी कर आणि विमानतळाचं वापर शुल्क अशा वेळीही परत मिळायला हवं आणि रद्द करण्याचं शुल्क मूळ भाडं अधिक इंधन अधिभार यांच्यापेक्षा जास्त असू शकत नाही. कितीतरी लोक हे पैसे मागतच नाहीत.

यूपीआयबद्दल मला फार कळकळीनं सांगायचंय. पैसे खात्यातून गेले आणि तिकीट आलं नाही, असं होतं. अशा वेळी घाईनं पुन्हा पैसे भरू नका. कंपनीच्या साइटवर बुकिंग दिसतंय का ते आधी बघा. आणि मदतीसाठी गुगलवर क्रमांक शोधून फोन तर मुळीच लावू नका. माझ्या मामेभावानं असा शोधलेला क्रमांक लावला, तर पलीकडच्या माणसानं गोड बोलून मोबाइलचा पडदा त्याला तिकडं दिसेल असं अॅप घ्यायला सांगितलं. वहिनी शेजारीच होती, तिनं फोन हिसकावून बंद केला म्हणून खातं वाचलं. क्रमांक घ्यायचा तो कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून किंवा तिकिटाच्या मेलमधून. फसवणूक झालीच तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

संपर्काच्या रकान्यात मी माझाच मोबाइल आणि मेल दिला होता. त्याचा उपयोग प्रवासाच्या आधी झाला. कोल्हापूर-हैदराबाद विमानाची वेळ पुढं गेल्याचा मेसेज आला आणि मधले अडीच तास घटून जेमतेम पाऊण तासावर आले. मी कंपनीच्या साइटवर गेले, पीएनआर टाकला. दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर असल्यानं बनारसचं पुढचं विमान जादा पैसे न देता निवडता आलं. नवी वेळ चौघांना फोनवर सांगितली, नवं तिकीट छापून आधार कार्डांसोबत बाबांच्या पिशवीत ठेवलं. ठरल्या दिवशी चौघं हैदराबादला व्हीलचेअरच्या मागोमाग पुढच्या गेटवर गेले आणि बॅगा थेट बनारसच्या बाबतपूर विमानतळावर मिळाल्या.